तेरा राज्यांचा अविश्वास आणि एक राज्यघटना

अमेरिकेच्या स्थापनेविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न आज घेतो. बऱ्याच पत्रांमध्ये त्या घटनाकारांबद्दल भक्तिभाव दिसतो. माणसं मोठीच होती. पण त्यांचं काम समजून घ्यायचं, तर त्यांचा एकमेकांवर आणि सत्तेवर किती अविश्वास होता, ते आधी पाहावं लागतं.

प्रश्न : बोस्टनच्या बंदरात चहा फेकला तो कर वाढला म्हणून ना? आणि तो चहा भारतातला होता का?

चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, पण माल चीनचा. आसामातले मळे तेव्हा नव्हतेच. करही वाढला नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३च्या कायद्याने कंपनीला अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये (हीच पुढची तेरा राज्यं) थेट विक्रीची मुभा मिळाली, त्यामुळे चहा उलट स्वस्तच पडणार होता. आधीपासूनचा कर तेवढा कायम राहिला. तो भरून चहा घेतला, की ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर बसवण्याचा अधिकार मान्य केल्यासारखं झालं असतं. शिवाय विक्री कंपनीने नेमलेल्या मोजक्या आडत्यांकडेच जाणार, म्हणजे बाकीच्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

प्रश्न : स्वातंत्र्य १७७६ला, घटना १७८७ला. मधली अकरा वर्षं देश कोण चालवत होतं?

हा प्रश्न एका शिक्षिकेने विचारलाय आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारभार होता काँग्रेसकडे, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेकडे. १७८१पासून तिला 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या करारनाम्याचा आधार मिळाला, पण तो फार लेचापेचा होता. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. पैसे राज्यांकडे मागायचे आणि येतील तेवढे घ्यायचे. कायदे राबवणारा स्वतंत्र प्रमुख नाही, देशपातळीवरची न्यायव्यवस्था नाही. आणि करारात बदल करायचा, तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. आयातीवर पाच टक्के जकात बसवू द्या, एवढीच मागणी होती. एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय संपला.

याची किंमत आधी सैनिकांनी मोजली. जून १७८३मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला आणि सभासदांना शहर सोडून प्रिन्स्टन गाठावं लागलं. मग पाळी आली पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांची. कर आणि कर्ज रोखीत भरा असा तगादा, हातात रोकड नाही आणि जमिनींवर जप्ती. १७८६च्या ऑगस्टमध्ये नॉर्दम्प्टनला शेकडो लोकांनी न्यायालयाचा रस्ता अडवला. न्यायालय बसलंच नाही, तर जप्तीचा हुकूम निघणार कसा? त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. जानेवारी १७८७मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या गेल्या आणि चारजण ठार झाले. बंड मोडणारी फौज उभी राहिली ती बोस्टनच्या धनिकांच्या वर्गणीवर. केंद्राची तिजोरी रिकामीच होती. त्यानंतर चार महिन्यांत फिलाडेल्फियात घटनेची बैठक बसली. तिथे जमलेल्यांना दुबळ्या केंद्राची धास्ती होती आणि रस्त्यावर उतरलेल्या कर्जदारांचीही.

प्रश्न : सिनेटमध्ये लहान-मोठ्या सगळ्या राज्यांना दोनच जागा का?

कारण तसं झालं नसतं, तर बैठकच मोडली असती. व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या दहापटीहून अधिक. व्हर्जिनियाने सुचवलं, दोन्ही सभागृहांत जागा लोकसंख्येप्रमाणे द्या. डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर घरूनच ताकीद होती : समान मताचा हक्क सोडायचा नाही. खिडक्या-दारं बंद, बाहेर वाच्यता करायची नाही, अशा त्या सभागृहात ३० जूनला डेलावेअरचा गनिंग बेडफर्ड मोठ्या राज्यांना तोंडावर म्हणाला, की आमचा तुमच्यावर विश्वास नाही. तुम्ही संघ मोडलात, तर आमचा हात धरणारी परकी सत्ता आम्ही शोधू. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. १६ जुलैला तोडगा मंजूर झाला : प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर, सिनेटमध्ये समानता. बाजूने पाच राज्यं, विरोधात चार, मॅसॅच्युसेट्सची मतं दुभंगलेली. आज सिनेटच्या समानतेला लोक तत्त्वज्ञान चिकटवतात. मला ती निव्वळ तडजोड वाटते.

प्रश्न : 'सर्व माणसं समान' म्हणणाऱ्यांनी गुलामगिरी कशी चालू दिली?

जाणूनबुजून चालू दिली. गुलामांची गणती तीनपंचमांश धरायची, हे कलम अनेकजण उलटं समजतात. गुलामांना पूर्ण मोजा हा आग्रह मालकांचा होता, कारण त्यांना मत नव्हतं, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याला जागा वाढवून मिळणार होत्या. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारवृंदातही तोच फायदा. गुलामांच्या आयातीवर १८०८पर्यंत बंदी घालायची नाही आणि पळालेला गुलाम परत करायचा, हेही घटनेत आलं.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियात राहत. पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने ठेवलेला गुलाम कायद्याने मुक्त होऊ शके. म्हणून मुदत भरण्याआधी ते आपल्या गुलामांना राज्याबाहेर नेऊन आणत. त्यांच्या घरची ओना जज ही तरुणी १७९६मध्ये निघून न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणण्याची खटपट केली, ती गेली नाही. घटनाकारांची थोरवी सांगताना ही गोष्ट वगळू नये, असं मला मनापासून वाटतं. ते जोखड तुटायला १८६५ उजाडलं. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच.

प्रश्न : कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला मूळ घटनेतच होता का? (स्पर्धा परीक्षेसाठी विचारतोय.)

स्पष्ट शब्दांत नव्हता. १८०३च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो घटनेतून काढून दाखवला. विल्यम मार्बरीची न्यायदंडाधिकारी म्हणून नेमणूक झाली होती, पण नेमणूकपत्र हाती न पडल्याने तो न्यायालयात आला होता. गंमत अशी, की ते पत्र वेळेत पोचलं नव्हतं ते मार्शल स्वतः परराष्ट्रमंत्री असताना. त्यांनी निकाल दिला : मार्बरीचा हक्क खरा, पण ज्या कायद्याने तो थेट आमच्याकडे आलाय, त्याचं ते कलमच घटनाबाह्य. म्हणजे न्यायालयावर सरकारला हुकूम सोडण्याची वेळ आली नाही आणि अधिकार मात्र पदरात पडला. आपल्या घटनाकारांनी ही बाब निकालावर सोडली नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्यवत, हे कलम १३मध्येच लिहून ठेवलंय. उत्तर लिहिताना त्याच्या जोडीला कलम ३२, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क, घ्या.