घरातला आणि ऑफिसातला पसारा काढून टाकला की खरंच मनाला बरं वाटतं का? सुरुवात कुठून करावी?

हो, वाटतं. पण कुणाला वाटतं हे कुणी विचारतच नाही, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

आधी एक सांगते. मी मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), बिन कार्ड (मालाची आवक-जावक लिहायचं कार्ड), नॉन-मूव्हिंग म्हणजे न हलणारा, पडून राहिलेला माल, वर्षाच्या शेवटी स्टॉक मोजणं, हे सगळं अंगवळणी पडलंय. त्यामुळे "तुला आवरता येत नाही" हे निदान मला तरी कुणी ऐकवू नये. आणि ऐकवलं कुणी, तर माझ्या धाकट्या भावाने, ज्याच्या घरात एक गादी, एक टेबल आणि एक कुंडी एवढंच सामान आहे (आणि माळ्यावर एक गिटार, तिच्याकडे पुन्हा येते).

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तो आमच्याकडे राहायला आला होता. मदत म्हणूनच आला होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. एक दिवस म्हणाला, "ताई, तू निवांत ऑफिसला जा, संध्याकाळी आलीस की घर ओळखणार नाहीस." आणि खरंच नाही ओळखलं. फरशी दिसत होती, टेबलावर काही नाही, फ्रिजवर काही नाही, दाराशेजारचा कोपरा रिकामा. पाऊल टाकल्या टाकल्या मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री आईने बीपीचं मशीन काढलं आणि म्हणाली, "माझी वही?"

ती वही म्हणजे खाकी कव्हरची एक लांबट वही, मधोमध दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. आत आईनेच आखलेले तीन रकाने, सकाळ, संध्याकाळ आणि गोळी घेतली की बरोबरची खूण. आकडा वाढलेला असला की तिथे पेन्सिल दोनदा गिरवलेली, १५२ वर १५२, म्हणजे डॉक्टरांच्या नजरेत लगेच यावा म्हणून. गोळी बदलायची की नाही हे डॉक्टर ती वही बघून ठरवणार होते. फ्रिजवर जुन्या बिलांखाली होती ती. बिलं गेली तशी वही पण गेली. त्याच पिशवीत कपाटाच्या फळीच्या धातूच्या खुंट्या गेल्या, म्हणजे ती फळी आता कपाटाला टेकवून उभी केलेली आहे. आणि राउटरचा जास्तीचा अडॅप्टर गेला, तो जाऊ दे.

भावाचं उत्तर काय? "एवढी महत्त्वाची होती तर ढिगाऱ्यात कशाला होती? मोबाईलमध्ये का नाही लिहीत?" अरे, आई डोळ्याला पट्टी लावून बसलीय, ती मोबाईलमध्ये काय लिहिणार! आणि ढीग म्हणजे कचरा असं कुणी ठरवलं? तिची वही रोज दोनदा हातात घेतली जात होती. आमच्या स्टोअरच्या भाषेत तो घरातला सगळ्यात फास्ट-मूव्हिंग आयटम होता. फक्त दिसायला गबाळा. भाऊ दिसण्यावर गेला.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. त्यानंतर कित्येक दिवस आई स्वतःच्याच घरात हातात चष्म्याची डबी घेऊन विचारायची, "ही इथे ठेवू का गं?" मनःशांतीसाठी घर आवरलं म्हणे. कुणाच्या मनाची?

कारखान्यात असं करून दाखवा, त्याच दिवशी मेमो मिळेल. फाइव्ह एस ही जपानी कारखान्यांतून आलेली पद्धत, पहिला एस म्हणजे सेइरी, लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं. लोकांना वाटतं ते म्हणजे फेकाफेक. अजिबात नाही. ज्याच्याबद्दल शंका आहे त्या वस्तूला लाल टॅग लावायचा. त्यावर वस्तू काय, किती नग, कुठे सापडली, कुणी टॅग लावला, तारीख. मग ती ठरलेल्या जागेत नेऊन ठेवायची. ज्याची असेल त्याला मुदत मिळते, बऱ्याच ठिकाणी महिनाभराची. त्याने येऊन सांगितलं "लागते" तर का लागते ते सांगून परत न्यायची, नाही आला तर भंगारात. म्हणजे एका गंजक्या फिक्स्चरलासुद्धा (मशीनवर पार्ट धरून ठेवणारं साधन) म्हणणं मांडायची संधी आहे, आणि माझ्या आईच्या वहीला नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पसारा आणि ताण यांचा संबंध अभ्यासला गेलाय. लॉस एंजेलिसमध्ये दोघंही कमावणाऱ्या जोडप्यांकडून, एकूण ६० जणांकडून, स्वतःचं घर फिरून दाखवताना त्याचं वर्णन करून घेतलं होतं. सॅक्सबी आणि रेपेटी या दोघींचा २०१० चा शोधनिबंध आहे. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं हे जास्त आलं, त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये तसं ठळक काही दिसलं नाही. मला यात नवल वाटलं नाही. घरातला ढीग ज्याला "आपलं राहिलेलं काम" म्हणून दिसतो त्यालाच तो त्रास देतो, बाकीचे त्याच्या बाजूने चालत जातात. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

भाऊ मला अजून एक ऐकवतो की माणसाला स्वतःची वस्तू उगाच मौल्यवान वाटते. बरोबर आहे. कानमन, नेच आणि थेलर यांचा १९९० चा कपांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, ज्यांना कप फुकट दिला ते तो विकायला साधारण दुप्पट किंमत मागत होते, घेणारे निम्मीच द्यायला तयार होते. पण राजा, मग तू माझ्या घरात घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहेस ना? तुला माझं सगळं निम्म्या किमतीचंच दिसणार. आणि तुझी ती गिटार, जिच्या तारा मी गंजलेल्याच बघितल्यात, ती का नाही जात?

तर सुरुवात कुठून? स्वतःच्या वस्तूंपासून. स्वतःचे कपडे, स्वतःचा ड्रॉवर, स्वतःच्या केबल. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, फार तर टॅग लावायचा. एक खोका घ्या, शंकेच्या वस्तू त्यात, वर तारीख, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की अमुक तारखेला हा जाणार. घरात एखादा असतोच जो खोक्यातून सगळंच परत नेतो, त्याला नेऊ दे, पण ती वस्तू ठेवायची जागा त्यानेच शोधायची. कागद एका दिवसात संपवायला जाऊ नका, डोकं उठतं. फक्त दुकानाची ती गुळगुळीत थर्मल बिलं वॉरंटीसाठी ठेवली असतील तर आजच फोटो काढून ठेवा, ती काही काळाने कोरी होत जातात आणि मग आपण कोरा कागद जपत बसतो. जुन्या मोबाईलची बॅटरी फुगलेली दिसली तर ती मात्र ताबडतोब ई-कचऱ्यात, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, तिथे टॅगबिग काही नको.

ऑफिसचं फार सांगण्यासारखं नाही. स्वतःचं टेबल कसं ठेवायचं ते ज्याचं त्याने बघावं, मला साहेबांच्या "क्लीन डेस्क"च्या मेलचा रागच येतो. पण सामायिक कपाट, प्रिंटरशेजारचा कट्टा आणि मीटिंग रूममधली ती बेवारस खुर्ची यांना कुणी वाली नसतो म्हणून तिथेच साचतं. एक नाव लिहून चिकटवा, पुष्कळसं काम तिथेच होतं.

आणि हो, एक राहिलं. जिन्यात, दारात, गॅसजवळ किंवा मीटरच्या बॉक्सजवळ सामान अडकलं असेल तर माझं वरचं सगळं विसरा, ते आधी हलवा, भांडण नंतर. आणि घरात कुणी असं असेल की झोपायला जागा उरली नाही तरी एक पिशवी सोडवत नाही, तर तो आळस नाही, २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत, साठवणुकीचा स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. परस्पर ट्रक बोलावून घर रिकामं केलं तर ते पुन्हा भरतं आणि माणूस कायमचा दुखावतो.

टॅगला लाल कागदच हवा असं काही नाही, कुठलीही चिकटपट्टी चालते. फक्त तारीख मार्करने लिहा, बॉलपेनचं पुसतं आणि मग "माझी मुदत अजून संपली नाही" यावर वाद सुरू होतो.