पाचवा भिडू

प्रश्न : सिडकोतल्या आमच्या कट्ट्यावर मेंढीकोटाला (दोन-दोनच्या जोड्या करून चौघांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळाला) पाचजण जमतात. हरलेल्यांतला एक उठतो, त्यामुळे कच्चा भिडू सारखा बाहेरच. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हा नियम सोडाच, शिकणाऱ्यालाच तो बसवून ठेवतो. गोलात १ ते ५ क्रमांक द्या. जो बाहेर, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची एक जोडी, उरलेल्यांची दुसरी. १ बाहेर तर २-५ विरुद्ध ३-४. २ बाहेर तर १-३ विरुद्ध ४-५. पाच फेऱ्यांत प्रत्येकजण इतरांचा एकदा भिडू, दोनदा प्रतिस्पर्धी होतो. फेरीत ४ डाव. पत्ते हरणाऱ्याने नव्हे, पाळीने वाटायचे. ओढलेल्या दश्श्या (दहाचे पत्ते) जोडीतल्या दोघांच्याही नावावर मांडा. चौथ्या फेरीनंतर मात्र खेळ मोडू नका, बाहेर न बसलेल्याचे ४ डाव जास्त भरतात.