वाचकांचे प्रश्न : वारसा इमारतीत कार्यालय

प्रश्न : मुंबईतील फोर्ट परिसरात आमची वडिलोपार्जित इमारत असून ती वारसा यादीत ग्रेड तीनमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत, आहे. आजवर राहत्या असलेल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावर एका जाहिरात संस्थेला कार्यालय थाटायचे आहे. त्यासाठी पोटमाळा घालावा आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा, असे ती संस्था म्हणते. आम्ही संमती द्यावी का?

उत्तर : कार्यालयाला अवश्य द्यावी, या दोन कामांना मात्र देऊ नये. वापरात असलेल्या इमारतीची गळती वेळीच लक्षात येते. बंद पडलेल्या इमारतीकडे पाहायला कोणी नसते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि ग्रेड तीनच्या इमारतींत अंतर्गत बदलांना व नव्या वापराला तिच्यात पुरेसा वाव आहे. तरीही महापालिकेची लेखी परवानगी हाती आल्याखेरीज कामाला हात लावू नये.

खरा प्रश्न भाराचा आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. कार्यालयासाठी हाच आकडा २५० आणि कागदपत्रांचा साठा तिथेच असेल तर ४०० पर्यंत जातो. आपल्या सागवानी तुळया हा भार पेलतील की नाही, हे जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या संरचना अभियंत्याकडूनच तपासून घ्यावे. तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते, पण भिंतीत शिरलेले तिचे टोक पावसाळ्याच्या ओलीने आतून कुजलेले असू शकते. तिथे टोच्या दाबल्यावर तो सहज रुतला, तर लाकूड गेले असे समजावे.

सिमेंटच्या गिलाव्याला आमचा ठाम विरोध आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि कोरड्या हवेत ती बाहेर सोडते. वर सिमेंट चढले की ओल आतच कोंडते, क्षार साचून गिलावा सुटू लागतो आणि तुळयांची टोके आणखी वेगाने कुजतात. चुन्याचे काम महाग आहे, वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

पोटमाळ्याने भार वाढतो, शिवाय उंच छताखालचा उजेड आणि वाराही अडतो. जुन्या वास्तूची जागा अशी कापत गेले की काय होते, याचे उदाहरण फोर्टमध्येच आहे. काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे आहे. पुढे तिथल्या दालनांत आडभिंती घालून वकिलांच्या कचेऱ्यांसाठी लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या, देखभाल मात्र मागे पडली, आणि २००५ मध्ये सज्ज्यांचा काही भाग कोसळला. इतक्या मोलाच्या वास्तूची अशी आबाळ व्हावी, याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

म्हणून टेबले किती मावतील हे भाडेकरूने नव्हे, अभियंत्याच्या अहवालाने ठरवावे आणि तो आकडा करारात घालावा. वातानुकूलन यंत्रांचे पाणी भिंतीवर गळू न देणे, विजेच्या तारा भिंत न फोडता उघड्या नळ्यांतून नेणे आणि जागा सोडताना आडभिंती काढून नेणे, या अटीही त्याच करारात असाव्यात.