औषध टाकण्याआधी एक रात्र टॉर्च घेऊन बसा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लाईव्ह रॉकवर (समुद्री जीव वसलेल्या दगडांवर) सुरू केलेला, दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प, थोडे झोअँथिड, म्हणजे बटणांसारखे दिसणारे कोरल. परवा रात्री लाईट बंद झाल्यावर सहज टॉर्च मारला तर काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसले, दगडाच्या फटीत केसाळ लांब किडा, काचेवर नि पंपावर पांढरी बारीक चक्रं, एक वेडावाकडा छोटा तारा, एका दगडावर तपकिरी फुलासारखं काहीतरी, आणि वर रात्री कधीतरी टक् असा आवाज. आता तुम्ही विचारताय की यातलं धोक्याचं काय, आणि सगळं एकदम साफ करायला एखादं औषध टाकू का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नका टाकू. आज तरी नकाच.

हे एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या पहिल्या टँकमध्ये मी नेमकं तेच केलं होतं. काचेवर मिलिमीटरभर अंगाचे, लांब पायांचे, कोळ्यासारखे दिसणारे जीव दिसले, मला वाटलं परजीवी आहेत, आता मासे जाणार, आणि कवचवाल्या जीवांना मारणारं औषध टाकून मोकळा झालो. सकाळी श्रिम्प आणि हर्मिट क्रॅब मेलेले, दगडाच्या आत जे शेकडो अॅम्फिपॉड (कोळंबीसारखे छोटे जीव) होते ते तिथेच सडले, आणि दोन दिवसांत अमोनिया दिसायला लागला, मग मासे वाचवायची धावपळ. नंतर कळलं की ते मुन्निड आयसोपॉड नावाचे बारीक कवचवाले जीव होते, काचेवरची शेवाळाची साय खाणारे, कुणाच्याही वाटेला न जाणारे. तो क्लीनर श्रिम्प माझ्या हातातून खायचा. अजून वाईट वाटतं.

तर ओळखायचं कसं. बहुतेक जण फोटो काढतात आणि त्याच्यासारखा फोटो शोधत बसतात, आणि एक-दोन मिलिमीटरच्या जिवाचा फोटो म्हणजे एक धूसर पांढरा डाग, त्यावरून काहीही ठरतं. नाव शेवटी येऊ द्या. आधी बघा की तो हलतो कसा, सरपटतो, घसरतो, उड्या मारतो की एकाच जागी चिकटलाय. मग तो दिसतो कुठे, काचेवर, वाळूत, कोरलच्या अंगावर की माशाच्या अंगावर. आणि तो तिथे करतोय काय. या तीन गोष्टी नीट बघितल्या तर निम्म्याहून जास्त जीव नाव न कळताही निकालात निघतात, म्हणजे काळजीचा आहे की नाही एवढं तरी नक्की कळतं.

साधनं फार लागत नाहीत. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावा, यातल्या बऱ्याच जीवांना लाल उजेड नीट दिसत नाही त्यामुळे ते पळून जात नाहीत. लाईट गेल्यावर तास-दोन तासांनी बघा, लगेच नको. फोनला लावायची मॅक्रो लेन्स किंवा दहापट दाखवणारं भिंग, एक लांब पिपेट, आणि एक पांढरी वाटी. जीव पिपेटने ओढून टँकच्याच पाण्यात त्या वाटीत सोडा, बाहेरून मोजपट्टी धरा आणि फोटोच्या ऐवजी दहा-पंधरा सेकंदाचा व्हिडिओ घ्या. व्हिडिओत चाल दिसते, आणि चाल खोटं बोलत नाही.

आता तुमचे ठिपके. थांबत थांबत, झटक्या-झटक्याने सरकणारे, खसखशीएवढे किंवा त्याहून लहान असतील तर ते कोपेपॉड, हेही बारीक कवचवाले जीवच. भिंगातून थेंबासारखं अंग आणि मागे निमुळती शेपटी दिसते, आणि मादी असेल तर मागे अंड्यांची पिशवी लटकलेली दिसते, काही गटांत एक, काही गटांत दोन. नवीन टँकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात यांचा पूर येतो कारण काचेवर तपकिरी डायटमची (सूक्ष्म शेवाळाची) साय असते आणि खाणारं कुणी नसतं. मग साय संपते, ते कमी होतात. उलट काही दिवसांनी एकही दिसेनासा झाला तर मी विचारात पडेन. मँडरिन मासा जवळजवळ दिवसभर हेच टिपत फिरतो, म्हणूनच तो नवीन टँकमध्ये आणू नये म्हणतात, त्याला पुरतील एवढे पॉड तयार व्हायला वेळ लागतो.

त्याहून मोठे, पाच मिलिमीटरपासून सेंटीमीटरपर्यंतचे, कोळंबीसारखे वाकलेले आणि एका कुशीवर पडल्यासारखे सूर्रकन पळणारे ते अॅम्फिपॉड. यांचं अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं असतं. आयसोपॉडचं अंग वरून दाबलेलं असतं, ढेकणासारखं चपटं. हा एक फरक डोक्यात बसला की खूप गोंधळ मिटतो. आणि पाण्यात एका जागी तरंगत, प्रवाहाकडे तोंड करून घोळक्याने उभे राहणारे, दोन मोठे काळे डोळे असलेले जीव म्हणजे मायसिड, भिंगातून शेपटीच्या पंख्यात दोन गोल बुडबुड्यांसारखे ठिपके दिसले की खात्री, तो त्यांचा तोल सांभाळायचा अवयव. बाळ श्रिम्प समजून लोक खूश होतात, तर मायसिड निघाले तरी खूशच व्हा, माशांना याहून चांगलं ताजं खाणं नाही.

या सगळ्या पॉडमध्ये मी घाबरतो तो एकालाच, सिरोलॅनिड आयसोपॉडला. साधारण तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा, डोळे इतके मोठे की डोक्याचा बराच भाग तेच व्यापतात, आणि पोहणं सरळ नि वेगवान. हा माशाला चिकटून रक्त पितो आणि पोट भरलं की सुटून वाळूत लपतो. म्हणून सकाळी लाईट लागायच्या आधी दोन्ही क्लाउनफिश नीट बघा, गालावर किंवा कल्ल्याजवळ काही चिकटलंय का, किंवा लाल खूण आहे का. काही नसेल तर हा विषय सध्या बंद. असेल तर मासा अलगद जाळीत घेऊन चिमट्याने काढायचा, रात्री खाणं ठेवून बाटलीचा सापळा लावायचा, आणि धीर धरायचा, कारण हे खूप दिवस उपाशी राहू शकतात.

केसाळ किड्याबद्दल तुमचा सूर सगळ्यात घाबरलेला वाटला, म्हणून जरा सविस्तर. गुलाबी-तपकिरी, गोमेसारखा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके, तो ब्रिसल वर्म. तो कचरा खातो, उरलेलं खाणं, मेलेलं काहीही, तुमचा हात पोचत नाही त्या फटीतलं सगळं. लोक सांगतात की आमच्या ब्रिसल वर्मने मासा खाल्ला, बहुतेक वेळा मासा आधी मेलेला असतो आणि हा नंतर आलेला असतो. हां, हातमोज्याशिवाय दगड उचलू नका, ते केस काचेच्या तंतूंसारखे कातडीत घुसतात आणि तुटतात, घुसलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि व्हिनेगर लावा. त्यांची संख्या फार वाढली तर समजा तुम्ही खाणं जास्त टाकताय.

दोन किडे मात्र वेगळे. फायर वर्म, म्हणजे हर्मोडिस करुंक्युलाटा, जाड असतो, प्रत्येक भागावर लालसर झुपकेदार कल्ले आणि डोक्यावर घड्या पडलेला उंचवटा, हा कोरल खातो, याला काढायचं. दुसरा युनिसिड. डोक्यावर पाच मिशा आणि अंगावर इंद्रधनुषी चमक. ब्रिसल वर्मसारखे पांढरे झुबके याच्या कडेला नसतात. लहान युनिसिड बऱ्याच लाईव्ह रॉकमध्ये असतात आणि गुपचूप जगतात, पण याच घराण्यातला बॉबिट वर्म मीटरच्या हिशोबात वाढतो. २००९ साली इंग्लंडमध्ये न्यूकी इथल्या एका सार्वजनिक अक्वेरियममध्ये कोरल कुरतडलेले दिसायचे, मासे जखमी व्हायचे, शेवटी एकेक दगड काढत गेले तेव्हा मीटरभराहून लांब किडा सापडला होता. तुमचा बोटभर लांबीचा, केसांचा आणि टॉर्च मारला की आत जाणारा आहे, तुमच्या वर्णनावरून मला साधा ब्रिसल वर्मच वाटतोय. तरी डोक्याचा व्हिडिओ मिळाला तर टाका.

चक्रं. इथे लक्ष द्या कारण दोन गोष्टी सारख्या दिसतात. दीड-दोन मिलिमीटरचं, पांढरं, काचेला सपाट चिकटलेलं, नीट गुंडाळलेलं चक्र म्हणजे स्पायरॉर्बिड, छोटा नळीतला किडा, भिंगातून बघितलं तर टोकाला इवलासा पंखा उघडलेला दिसतो. तो पाणी गाळून खातो, निरुपद्रवी, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) आणि पंपावर भरपूर होतो, फक्त पंप वेळोवेळी व्हिनेगरमध्ये धुवायचा. पण चक्रातून नळी वर उठली असेल, वाकडीतिकडी, कडक, हाताला टोचेल अशी, आणि खाणं टाकल्यावर तिच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात सुटत असतील, तर तो व्हर्मेटिड, आणि ती गोगलगाय आहे, किडा नाही. ते धागे कोरलवर पडले की कोरल मिटून बसतात. एक-दोन असतानाच नळी मुळापासून मोडा आणि भोकावर सायनोअॅक्रिलेट जेल ग्लू लावून बंद करा. शंभर झाल्यावर हे काम करवत नाही, मी केलंय, पाठ मोडते.

तपकिरी फुलाची मला खरी काळजी आहे. लांब देठ, अर्धपारदर्शक तपकिरी, टोकाकडे निमुळते होत गेलेले टेंटॅकल्स (तोंडाभोवतीचे हातांसारखे धागे), आणि जवळ बोट नेलं की क्षणात भोकात गायब, असं असेल तर ते एप्टेशिया, टँकभर पसरणारं एक समुद्रफूल. ते खरवडू नका, कापू नका, दगडावर चिरडू नका, पायाचा एवढासा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. सिरिंजने त्याच्या तोंडावर घट्ट कालवलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट हळूच सोडा, पंप बंद ठेवून, आणि एका दिवशी दोन-तीनच, नाहीतर पीएच चढतो. पसरलं असेल तर बर्गिया ही छोटी समुद्री गोगलगाय आणायची, ती एप्टेशियाच खाते, ते संपलं की उपाशी मरते, हेही आधी माहीत असू द्या. पेपरमिंट श्रिम्पही खातात पण सगळेच खातात असं नाही. टेंटॅकल्सची टोकं गोलसर फुगीर असतील तर ते मजानो, दुसरं तसंच समुद्रफूल, उपाय जवळपास तोच.

वेडावाकडा तारा म्हणजे अॅस्टेरिना. तो वेडावाकडा असतो कारण तो स्वतःच दोन भागांत फाटून वाढतो, म्हणून एका बाजूचे पाय मोठे नि दुसरीकडचे नुकते फुटलेले. बहुतेक काचेवरची साय खातात. काही जातींचे तारे झोअँथिडवर बसलेले आणि खाली पांढरा पडलेला भाग असे बघितले आहेत, तुमच्याकडे झोअँथिड आहेत म्हणून आठवडाभर रोज रात्री तेवढं बघा. कोरलवर बसलेला आढळला तर उचला, काचेवर असेल तर राहू द्या.

तुम्ही न विचारलेलं पण पुढे दिसेलच असं थोडं सांगून ठेवतो म्हणजे परत घाबरणार नाही. वाळूवर पसरलेले लांब पांढरे दोरे, ओढले की आखडतात, तो स्पॅगेटी वर्म, त्याचे हात ते. दगडाच्या भोकातून हलणारे बारीक साप म्हणजे मिनी ब्रिटल स्टारचे पाय. सम्पच्या अंधारात पांढरे, केसाळ, टोकाला मुकुट असलेले छोटे घडे म्हणजे सायकॉन स्पंज, अंडी नाहीत. आणि कानासारखं छोटं कवच पाठीवर आणि अंग कवचाबाहेर, गोगलगायीच्या मानाने भलतीच चपळ, ती स्टोमॅटेला. पकडली तर पालीसारखा मागचा तुकडा टाकून निघून जाते, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास तिथेच बसून होतो. शेवाळ खाणारा याहून चांगला पाहुणा नाही, अजिबात काढू नका.

एक मात्र रोज बघत जा. गंजाच्या रंगाचे, चपटे, मागच्या टोकाला शेपट्यांसारखी टोकं असलेले, चार-पाच मिलिमीटरचे आणि पाय न हलवता काचेवरून घसरत जाणारे जीव दिसले तर ते लाल फ्लॅटवर्म. त्यांच्यासाठी औषध मिळतं, आणि इथेच सगळे चुकतात, कारण एकदम हजारो मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे जातात. आधी आठवडाभर बारीक नळीने ओढून काढत संख्या कमी करायची, मग औषध, आणि विष शोषायला ताजं कार्बन आणि बदलायला मीठ कालवलेलं पाणी आधीच तयार ठेवून.

राहिला तो आवाज. टक् असा एकटा आवाज करणारे दोन जण, पिस्तूल श्रिम्प आणि मँटिस श्रिम्प, आणि आवाजावरून मला आजही दोघांतला फरक छातीठोकपणे सांगता येत नाही, बघावंच लागतं. पिस्तूल श्रिम्पचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा खूप मोठा, तो वाळूत बिळं करतो आणि सहसा कुणाला त्रास देत नाही. मँटिसचे डोळे देठांवर असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात, आणि टँकमध्ये गोगलगायींची फुटलेली कवचं सापडायला लागतात. कधीकधी तो आवाज नुसता गोगलगाय काचेवरून पडल्याचा किंवा हीटरचाही असतो, तेही तपासा. आज रात्री आवाज कुठल्या दगडातून येतो एवढंच शोधा. दगड सापडला तर तो दुसऱ्या दिवशी बादलीत काढून भोकांमध्ये जास्त क्षारतेचं पाणी सिरिंजने मारा, जो कोण आत असेल तो बाहेर येतो. हात घालू नका. एप्टेशियाचा आणि त्या केसाळ किड्याच्या डोक्याचा व्हिडिओ मिळाला की इथेच टाका, मी बघतो.