कम्युनिकेशन एरर आला म्हणून लगेच ईसीएम बदलू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की कराडजवळच्या खडी क्रशरवर २० टनी पोकलेन आहे, मॉनिटरवर मधूनच कम्युनिकेशन एरर येतो, सगळे गेज शून्यावर जातात, इंजिन आयडलला येतं, चावी बंद करून परत लावली की तासभर नीट चालतं, आणि मेकॅनिक म्हणतोय ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, नवा टाका. जरा थांबा राव. तासभर नीट चालून मग रुसणारा ईसीएम गेलेला असण्यापेक्षा त्याच्यापर्यंत जाणारा करंट, अर्थ नाहीतर कॅन लाइनच्या दोन बारक्या वायरी (ज्यांवरून मशीनमधले सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात) गेलेल्या असायची शक्यता जास्त, आणि ते तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो.

आधी कोड नीट वाचा, नुसतं 'एरर येतोय' बघून चालत नाही. ग्रामसभेला जो आलाच नाही तो कधी तक्रार करत नाही, बाकीचे करतात त्याच्या नावानं, इथंही तसंच. मॉनिटर आणि हायड्रॉलिक कंट्रोलर दोघंही म्हणत असतील की इंजिनकडून डेटा येत नाही तर ते दोघं जिवंत आहेत, गप्प झालाय तो ईसीएम किंवा त्याची वायर. एकटा मॉनिटरच ओरडत असेल आणि बाकी कुठं काही नोंद नसेल तर मॉनिटरच्या मागचा कनेक्टर आधी उघडा. एसपीएन (फॉल्ट कुठं आहे तो नंबर) ६३९ दिसला तर तो सरळ कॅन नेटवर्कचाच कोड आहे, त्याच्यासोबत एफएमआय (फॉल्ट कसला आहे तो नंबर) ९ असेल तर डेटा वेळेवर पोचत नाही असं समजा, १९ असेल तर येतोय पण चुकीचा येतोय.

मग सप्लाय. लोकं हे सोडून थेट कॅनच्या मागं लागतात. ईसीएमचा फ्यूज, रिले, आणि मुख्य म्हणजे अर्थ. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ईसीएमच्या अर्थ पिनवर, इंजिन चालू ठेवून व्होल्ट बघा. जवळजवळ शून्य पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की तिथंच गडबड आहे. फ्यूज बघून 'चांगला आहे' म्हणू नका, फ्यूजची बैठक सैल असते आणि क्रशरवरच्या थरथरीत ती मधूनच सुटते. तुमचं लक्षण मला तरी तसंच वाटतंय.

आता कॅन. चावी बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा (डीईएफ म्हणजे धुरासाठी युरियाचं पाणी वापरणारं मशीन असेल तर त्याचा पंप शांत होईपर्यंत), मग मेन कटऑफ बंद. बऱ्याच मशीनला ९ पिनचा गोल डायग्नोस्टिक सॉकेट असतो, त्यात ए म्हणजे अर्थ, बी म्हणजे बॅटरी, सी कॅन हाय, डी कॅन लो. सी आणि डी मध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास आला पाहिजे, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आला तर एक टोक तुटलंय, ४० आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी कुठंतरी एकमेकींना चिकटल्यात. एक लक्षात ठेवा, काही मशीनमध्ये हा रेझिस्टर ईसीएमच्या आतच असतो, तेव्हा ईसीएमचा कनेक्टर काढल्यावर १२० दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

पण ६० आला म्हणजे सुटलात असंही नाही. मेन लाइनवरून एखाद्या कंट्रोलरला जाणारा फाटा तुटला असेल तरी ६० च दिसतो. म्हणून मेन कटऑफ आणि चावी परत ऑन करून सी ते अर्थ आणि डी ते अर्थ व्होल्टही बघा, हाय अडीचपेक्षा थोडा वर, लो थोडा खाली, दोघांची बेरीज ५ च्या आसपास. लो चक्क शून्य झाला तर ती वायर बॉडीला लागलीये. दोन्हीकडं अगदी सारखेच अडीच दिसले तर वायरी एकमेकींना लागल्यात किंवा लाइनवर कुणी बोलतच नाही.

फॉल्ट येतो-जातो अशा केसमध्ये सगळं परत बंद करून मीटर सी-डी वर ओहमला लावून ठेवा आणि दुसऱ्या गड्याला हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवायला सांगा. सीटच्या मागं, केबिनच्या फ्लोअरखाली जिथं हार्नेस इंजिनकडं जातो तिथं, आणि पत्र्याच्या कडेला घासतो तिथं. आकडा उडाला की जागा सापडली. आमच्या सांगलीकडं आणखी दोन भानगडी. एक उंदीर, उसाच्या फडाशेजारी मशीन उभं राहिलं की वायर कुरतडलीच म्हणून समजा. दुसरं पुराचं पाणी, २०१९ च्या महापुरात बुडलेली मशीनं धुऊन-पुसून चालू झाली, आणि नंतर कधीतरी कनेक्टरच्या पिना हिरव्या पडून असेच एरर द्यायला लागली. सेकंडहँड मशीन असेल तर ते कुठं उभं होतं हे आधी विचारा.

फायनान्सवाल्यानं किंवा आधीच्या मालकानं जीपीएस बसवलाय का तेही बघा. तो डबा बऱ्याचदा कॅनच्या वायरी सोलून, पिळा मारून, टेप गुंडाळून जोडलेला असतो. त्यांना विचारून काढा आणि दोन दिवस चालवून बघा.

वायर सापडली तर पिळून टेप मारू नका, क्रिंप करून हीटश्रिंक लावा, आणि दोन वायरींचा मूळ पीळ शक्य तितका तसाच ठेवा, तो शोभेला नसतो, बाहेरचा नॉइज त्यानंच मरतो. टेस्ट करताना वायरीत सुई खुपसायची सवय असेल तर सोडा, त्या भोकातनं पाणी जातं. कनेक्टरवर प्रेशर वॉशर मारू नका. आणि बकेटला वेल्डिंग करायच्या आधी मेन कटऑफ बंद, ईसीएमचे कनेक्टर काढून, अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळच. ही काळजी न घेता केलेल्या वेल्डिंगनं ईसीएम खरंच मरू शकतो.

एवढं करा आणि चार गोष्टी इथं लिहा: सी-डी चे ओहम, दोन्ही वायरींचे व्होल्ट, इंजिन चालू असताना ईसीएमच्या अर्थ पिनवर दिसलेले व्होल्ट, आणि कुठल्या कंट्रोलरनं कुठला कोड दिला. मशीनचं मॉडेल पण सांगा, काहींमध्ये इंजिनची आणि हायड्रॉलिकची कॅन लाइन वेगवेगळी असते, तेव्हा मोजायची जागा बदलते. तोवर ईसीएमची ऑर्डर देऊ नका.