ओस पडलेल्या जुन्या गावाचे अवशेष पाहायला तुम्ही कधी गेला आहात का? काय दिसलं?

हो, दोन उन्हाळ्यांपूर्वी गोव्यातलं कुर्डी पाहिलं. सांगे तालुक्यातलं हे शेती-बागायतीचं गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. 1986 पासून वर्षातले बरेच महिने तिथे नुसतं पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की गाव वर येतं आणि पाऊस धरला की पुन्हा जातं.

सांग्याहून दुचाकीने गेलो. शेवटचा रस्ता कच्चा, पुढे भेगाळलेला गाळ. आधी दिसतात माडांचे बुंधे, कमरेएवढे, काळे पडलेले. ते रांगेत आहेत, म्हणून बांध कुठून जात होता ते कळतं; एरवी शेत कुठलं न् अंगण कुठलं, काही पत्ता लागत नाही. घरांची चिऱ्यांची जोती शिल्लक आहेत. एका उंबऱ्यावर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे पांढरे शंख पडले होते, मूठभर तरी असतील. कुणाच्या तरी घरात शिरताना पायाखाली शंख करकरतात. ते मला अजून आठवतं.

तेवढ्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले. चपला काढून एका जोत्यावर चढले आणि म्हणाले, "हांगा आमचें घर आशिल्लें." मग नातवाला चूल कुठे, गोठा कुठे, विहीर कुठे ते बोटाने दाखवत बसले. पोराचं लक्ष अर्थात मोबाईलमध्ये.

मी मुळात गेलो होतो ते शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांपायी. 1904 साली त्या याच गावात जन्मल्या. किशोरीताई आमोणकर त्यांच्या कन्या. मोगूबाईंचं घर म्हणून लोक जे दाखवतात, तिथेही मोडक्या भिंतीच आहेत. फार अपेक्षा ठेवून जाऊ नका.

इथलं कदंबकालीन महादेव मंदिर मात्र बुडू दिलं नाही. दगड न् दगड उतरवून धरणाजवळ नेलं आणि पुन्हा जोडलं. तेही बघून या. माणसांची सोय वाडे आणि वालकिणी या गावांत झाली. माड आणि भातशेती अर्थातच इथेच राहिली.

कधी जायचं म्हणाल, तर मे महिन्यात. सोमेश्वराच्या उत्सवाला जुने गावकरी परत जमतात. ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या फेस्ताला, म्हणजे सणाला, येतात. गाव बोलतं बघायचं असेल तर तेव्हा जा, नुसते अवशेष बघायचे असतील तर आडवारी. मी आडवारी गेलो होतो. पुढच्या खेपेला उत्सवाला जाणार आहे.

सकाळी नऊच्या आत पोचा, कारण सावलीला एक झाड नाही. पाणी बरोबर न्या. पाण्याच्या कडेचा गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय घोट्यापर्यंत रुततो. माझी एक चप्पल तिथेच आहे. आणि जोत्यांवरचा चिरा किंवा खापराचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. मालक दरवर्षी येतात तिथे.