आईच्या रक्तातील साखर वाढली की गर्भाचा श्वास का वाढतो?

गरोदर बाईच्या रक्तातील साखर वाढल्यावर पोटातील बाळाचा श्वास खरोखर वाढतो का आणि कशामुळे, असे आपण विचारले आहे.

होय, वाढतो. मात्र ‘श्वास’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो, कारण गर्भाच्या फुप्फुसांत हवा नसून द्रव असतो आणि प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते ते असे: श्वासपटल खाली सरकते, पोट किंचित पुढे येते आणि छाती मात्र आत ओढली जाते. थोडा वेळ हे चालते, मग बाळ बराच वेळ स्तब्ध राहते. शेवटच्या दहा आठवड्यांत दिवसातला साधारण 30 टक्के वेळ या हालचाली चालतात आणि फुप्फुसांच्या वाढीला त्या आवश्यक असतात.

कॅनडात जॉन पॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलग 24 तास निरीक्षण करून 1980 मध्ये दाखवून दिले की, आईच्या जेवणानंतर दुसऱ्या व तिसऱ्या तासात या हालचाली स्पष्टपणे वाढतात. याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे की, ग्लुकोज वार ओलांडून गर्भात पोचते, तिथे त्याचे ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड अधिक तयार होतो आणि तो श्वसनकेंद्राला चेतवतो. आईला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली, तरी गर्भाच्या हालचाली वाढतात. प्राणवायू कमी पडला, तर मात्र त्या मंदावतात किंवा थांबतात.

त्यामुळे ‘शेवटचे कधी खाल्लेत?’ हा प्रश्न मी सोनोग्राफीआधी आवर्जून विचारतो. आयत्या वेळी पाजलेल्या साखरपाण्याचा परिणाम दहा मिनिटांत दिसेल, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे.

मधुमेही आईच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तिचे इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर मात्र ओलांडते, म्हणून गर्भ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतो, आणि ते फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या सर्फॅक्टंटच्या निर्मितीत अडथळा आणते. अशा बाळाच्या श्वासाच्या हालचाली पडद्यावर कितीही भरपूर दिसल्या, तरी त्यावरून त्याची फुप्फुसे पक्व झाली आहेत असे मी मानत नाही.